नावावर भलत्याचेच कर्ज निघाले, तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी तुमचे आणि तुमच्या मेहुण्यांचे घरगुती उपकरणांचे दुकान आहे. फ्रिज, वॉशिंग मशीन, मोबाइल हप्त्यावर जातात, त्यामुळे गिऱ्हाइकांच्या आधार-पॅनच्या झेरॉक्सनी एक कपाट भरले आहे. घरकर्जासाठी बँकेत गेलात, तेव्हा तुमच्या सिबिल अहवालात, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींत, दोन छोटी कर्जे दिसली. ती तुम्ही कधी घेतलीच नाहीत, आणि त्यातले एक थकलेले आहे. आता काय करायचे, यापुढे आधार कोणाला द्यायचेच नाही का, त्या कपाटाचे काय करायचे, आणि गावी राहणारी आई रेशनला अंगठा देते तिचे काय, हे तुमचे चार प्रश्न.

मी एका सहकारी बँकेच्या संगणक विभागात अकरा वर्षे होते. त्यानंतर गेली तेरा वर्षे पतसंस्था, नागरी बँका, छोटे कारखाने आणि दुकाने यांची माहिती-सुरक्षा तपासणी करते आहे. तुमच्यासारखी प्रकरणे माझ्याकडे आता जवळजवळ दर महिन्याला येतात.

सर्वांत आधी एक गोष्ट. वसुलीवाल्याचा फोन येईल आणि तो म्हणेल, "चार हजार भरून टाका साहेब, सेटल करून देतो, विषय संपला." भरू नका. रक्कम किरकोळ असते आणि डोक्याचा ताप जावा म्हणून माणसे भरतात. पण पैसे भरले की कर्ज तुम्हीच घेतले होते, असे म्हणायला समोरच्याला जागा मिळते, आणि अहवालात 'सेटल्ड' हा शेरा वर्षानुवर्षे राहतो. घरकर्ज देणारी बँक त्या शेऱ्याचा अर्थ एकच लावते: याने पूर्ण पैसे फेडले नाहीत.

मग करायचे काय? सिबिल ही एकच संस्था आहे असे आपल्याकडे समजतात, पण देशात अशा चार संस्था आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो, तशी रिझर्व्ह बँकेची सक्ती आहे. चारही काढा. तुम्हाला दोन कर्जे दिसली ती एका अहवालात, दुसऱ्यात तिसरे निघू शकते. अहवालात खाली 'चौकशी'चा भाग असतो, तिथे कोणत्या कंपनीने कोणत्या तारखेला तुमचा अहवाल पाहिला हे लिहिलेले असते. बहुतेक जण तो भाग वाचतच नाहीत. मी आधी तोच वाचते, कारण चोराने कुठे कुठे दार ठोठावले ते तिथे दिसते, कर्ज मिळालेले नसले तरी.

त्यानंतर कर्ज देणाऱ्या कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी पत्र द्या. ई-मेल चालेल, फोन नाही. पत्रात "मी कर्ज घेतलेले नाही" एवढेच लिहून थांबू नका, चार गोष्टी मागा: अर्जासोबतची केवायसीची, म्हणजे ओळख पटवण्याची, कागदपत्रे, अर्जदाराचा फोटो, ज्या मोबाइल नंबरवर ओटीपी गेला तो नंबर, आणि कर्जाची रक्कम ज्या खात्यात जमा झाली ते खाते. शेवटची मागणी सर्वांत महत्त्वाची. डिजिटल कर्जांबाबत रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये जे निर्देश काढले, त्यात काही अपवाद सोडले तर कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्याच बँक खात्यात गेली पाहिजे असे स्पष्ट म्हटले आहे. पैसे तुमच्या खात्यात आलेच नसतील, तर सिद्ध करण्याचा बोजा आपोआप त्यांच्याकडे सरकतो. एका शिक्षकांच्या प्रकरणात मी हे एकच वाक्य लिहायला लावले होते: "रक्कम ज्या खात्यात जमा केली त्या खात्याचा धारक मी आहे, हे आपण दाखवावे." सात महिने दाद न देणारी कंपनी त्यानंतर तीन आठवड्यांत नमली.

त्याच दिवशी चारही संस्थांच्या संकेतस्थळांवर वाद नोंदवा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. दुसऱ्याची ओळख वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-सी खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसवणे ६६-डी मध्ये येते. पोलीस ठाण्यावर गेलात तर ही कलमे अर्जात स्वतःच लिहा. "कर्ज घेतले नाही म्हणतो" एवढ्यावर हवालदार तो दिवाणी वाद समजून परत पाठवतात, असा माझा अनुभव आहे. तक्रारीची पोचपावती पत्रासोबत जोडा. दुरुस्तीची तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याची तरतूद रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकात केली आहे. रक्कम छोटी आहे, पण पत्रात तिचा उल्लेख केला की तुमची फाइल ढिगातून वर येते. त्यानेही हलले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. १४४४८ या नंबरवर माहिती मिळते, मराठीतही.

आता हे झाले कसे, याकडे येते. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही त्यातच आहे.

आधार क्रमांक, पॅन, जन्मतारीख, पत्ता या गोष्टी आता गुपित उरलेल्या नाहीत. विचार करा, गेल्या दहा वर्षांत तुमच्या आधारची झेरॉक्स कुठे कुठे गेली: सिमकार्डाचे दुकान, गॅस एजन्सी, लॉज, मुलाची शाळा, पॉलिसीवाला, सोसायटी, दवाखाना. त्यातली एक तरी परत आली का? म्हणून हे आकडे लपवण्यात जीव घालवू नका. आकडे ज्याच्या हाती लागले, त्याला पुढे जाण्यासाठी आणखी काहीतरी लागते: तुमच्या मोबाइलवरचा ओटीपी, तुमचा ई-मेल, तुमचा चेहरा किंवा तुमचा अंगठा. पहारा बसवायचा तो या चार ठिकाणी. माझ्याकडे येणारे लोक आधार कार्ड लोखंडी कपाटात ठेवतात आणि फोनचा पासवर्ड १२३४ ठेवतात. मला त्यांची काळजी वाटते ती याच कारणाने.

चेहऱ्याची आणि ओटीपीची चोरी कशी होते ते तुमच्याच धंद्यातले उदाहरण घेऊन सांगते. हप्त्यावर वस्तू घ्यायला गिऱ्हाईक येते. फायनान्सचा मुलगा त्याचा फोटो काढतो, ओटीपी मागतो. मग म्हणतो, "काका, पहिला नीट आला नाही, परत एकदा बघा इकडे. आणि तो दुसरा ओटीपी आलाय तोही सांगा, सर्व्हर डाउन होता." गिऱ्हाईक सांगते. पहिला ओटीपी फ्रिजचा असतो, दुसरा भलत्याच वैयक्तिक कर्जाचा किंवा दुसऱ्या कुठल्या अॅपचा. मी पाहिलेल्या प्रकरणांपैकी बरीच अशी, अगदी काउंटरवर, चहा पिता पिता झालेली आहेत. गेल्या दोन-तीन वर्षांत तुम्ही स्वतः असे काही हप्त्यावर घेतले का, हे आठवून पाहा आणि त्या तारखा अहवालातल्या चौकशीच्या तारखांशी ताडून पाहा.

आणि मालक म्हणून, तुमच्या दुकानात कोणाला दुसऱ्यांदा ओटीपी मागितला गेला तर तो मेसेज गिऱ्हाइकाने मोठ्याने वाचायचा, असा नियम करा. ओटीपीच्या मेसेजमध्ये तो कशासाठी आहे, किती रकमेचा आहे, हे बहुधा लिहिलेले असते. आपण फक्त सहा आकडे पाहतो.

ओटीपी न सांगताही जातो, तो एपीके फाइलमधून. व्हॉट्सअॅपवर लग्नपत्रिका येते, आरटीओचे चलन येते, पीएम किसानची यादी येते, आणि नावाच्या शेवटी 'एपीके' असते. पत्रिका ही फोटो किंवा पीडीएफ असते, एपीके म्हणजे अॅप. ते बसवले की ते मेसेज वाचण्याची परवानगी मागते आणि आपण 'अलाउ' दाबतो. त्यानंतर तुमचे सगळे ओटीपी चोराच्या फोनवर आपोआप पोचतात. आणि तो एपीके तुमच्या ओळखीच्याच माणसाच्या नंबरवरून आलेला असतो, कारण त्याचा फोन आदल्या दिवशीच चोराच्या ताब्यात गेलेला असतो. असे काही बसले असेल तर आधी नेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, आणि मग फोन पूर्ण पुसून घ्या. नुसते अॅप काढून भागत नाही.

मोबाइल नंबरबद्दल मी जरा जास्त बोलते, कारण आपल्याकडे सगळ्या कुलपांची किल्ली तीच झाली आहे. दूरसंचार खात्याच्या 'संचार साथी' पोर्टलवर तुमचा नंबर टाकला की तुमच्या नावावर किती सिमकार्डे आहेत ते दिसते. हे पोर्टल मे २०२३ पासून चालू आहे. एका माणसाच्या नावावर जास्तीत जास्त नऊ सिमकार्डे असू शकतात, आणि ओळखीचा नसलेला नंबर तिथूनच 'माझा नाही' म्हणून कळवता येतो. इचलकरंजीच्या एका यंत्रमागधारकाच्या नावावर आम्हाला पाच नंबर सापडले, त्यातले तीन त्यांना माहीतच नव्हते. तुमच्या प्रकरणात तर हे आजच तपासा. कर्जाच्या अर्जातला नंबर तुमच्याच नावावर काढलेला असला, तर कंपनी म्हणेल, "नंबर तुमचाच आहे की."

दुसरी बाजू सिम बदलण्याची. चोर तुमच्या कागदांवर डुप्लिकेट सिम काढतो, आणि तुमच्या फोनची रेंज जाते. शेजाऱ्याला त्याच कंपनीची रेंज आहे आणि तुम्हाला नाही, असे झाले तर सकाळची वाट पाहू नका. दुसऱ्याच्या फोनवरून कंपनीला विचारा, "माझे सिम बदलले गेले का?" आणि बँकेचे व्यवहार थांबवा. पैसे गेलेच असतील तर १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर. तिथे तक्रार नोंदली की ज्या खात्यात पैसे गेले ती बँक रक्कम अडवू शकते, पण पैसे तिथून पुढे जाईपर्यंतच. म्हणून आधी १९३०, मग बँक, मग ठाणे. नातेवाइकांना फोन करणे या सगळ्यानंतर. तुमची चूक नसताना बाहेरच्या कोणी खात्यातून पैसे काढले आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवले, तर नुकसान तुमच्यावर येत नाही. रिझर्व्ह बँकेचे हे परिपत्रक जुलै २०१७ चे आहे, आणि सहकारी बँकांसाठी तसेच परिपत्रक त्याच वर्षी डिसेंबरात निघाले. पण ओटीपी किंवा पिन तुम्हीच सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान तुमचे. एकेक तासाला किंमत आहे ती यामुळे.

जुना नंबर सोडून देताना मात्र फार निष्काळजीपणा होतो. बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर कंपनी दुसऱ्याला देऊ शकते, आणि तुमच्या बँकेचे मेसेज त्याच्याकडे जाऊ लागतात. आधी बँक, आधार, पॅन, गॅस, पीएफ सगळीकडे नंबर बदला, मग सिम सोडा. पुण्याहून अमेरिकेला किंवा दुबईला गेलेली मुले इथले सिम रिचार्ज न करता तसेच मरू देतात आणि मग आई-वडिलांचे संयुक्त खाते अडकते. किमान रकमेचे रिचार्ज चालू ठेवणे त्यापेक्षा स्वस्त पडते.

ई-मेलचे थोडक्यात सांगते. सगळे पासवर्ड बदलण्याची लिंक जिथे येते, ते खाते बँकेइतकेच जपायचे. त्याचा पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरू नका आणि दुहेरी पडताळणी चालू ठेवा. पासवर्ड म्हणून एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द रोमन लिपीत टाइप करा. अभंगाची ओळ किंवा मुलीचे नाव आणि जन्मसाल नको, ते पहिल्यांदा ओळखले जाते. व्हॉट्सअॅपलाही सहा आकडी पिन लावता येतो, तो लावा, आणि 'लिंक्ड डिव्हायसेस'मध्ये झेरॉक्स सेंटरचा संगणक अजून जोडलेला नाही ना, ते पाहा. प्रिंट काढायला आपण तिथे व्हॉट्सअॅप उघडतो, कागद घेतो आणि निघून येतो. आधारची फाइल त्या संगणकाच्या डाउनलोडमध्ये राहते आणि व्हॉट्सअॅपही उघडेच राहते.

तर आधार द्यायचे की नाही? द्यायचे, पण जिथे पूर्ण क्रमांकाची गरज नाही तिथे मास्क केलेले द्यायचे. आधारच्या संकेतस्थळावरूनच ते उतरवता येते, त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात आणि शेवटचे चार दिसतात. लॉजला, सोसायटीला, जिमला एवढे पुरते. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने "झेरॉक्स कोणालाही देऊ नका, मास्क केलेले द्या" असे पत्रक काढले आणि गैरसमज होईल म्हणून दोनच दिवसांत ते मागे घेतले गेले. त्या गोंधळात चांगला सल्ला मात्र वाया गेला. कागदी झेरॉक्स द्यावीच लागली, तर तिच्यावर फोटोला आणि मजकुराला छेदून जाईल अशी तिरकी ओळ पेनने लिहा: "फक्त अमुक कंपनीच्या गॅस जोडणीसाठी", खाली तारीख आणि सही. कोपऱ्यात लिहिलेली ओळ अंगठ्याने झाकून पुन्हा झेरॉक्स काढता येते, म्हणून ती छेदूनच जायला हवी. मी स्वतः कितीतरी वर्षे हेच करते. काउंटरवरचे लोक कधीकधी तोंड वाकडे करतात, तरी कागद घेतात.

पॅनकडे लोक आधारपेक्षा कमी लक्ष देतात, आणि धंदेवाइकाने उलट करायला हवे. तुमच्या पॅनवर दुसऱ्या राज्यात जीएसटी नोंदणी काढून खोटी बिले फिरवली जातात, आणि तुम्हाला कळते ते नोटीस आल्यावर. जीएसटीच्या संकेतस्थळावर पॅन टाकून त्यावर कोणत्या नोंदण्या आहेत ते कोणालाही पाहता येते, दोन मिनिटांचे काम. प्राप्तिकराच्या पोर्टलवरचे वार्षिक माहिती पत्रक, ज्याला सगळे एआयएस म्हणतात, तेही वर्षातून दोनदा उघडा. तुम्ही न केलेली खरेदी किंवा न मिळालेले व्याज तिथे दिसले, तर पॅन कुठेतरी वापरले गेले आहे.

तुमच्या कर सल्लागाराकडेही एकदा जाऊन या. कितीतरी कार्यालयांत मी पाहिले आहे की अशिलांच्या डिजिटल सहीचे डोंगल, म्हणजे पेनड्राइव्हसारखे तुकडे, एका बिस्किटाच्या डब्यात असतात आणि प्रत्येकावर चिकटपट्टीने पिन लिहिलेला असतो. हाताने केलेल्या सहीला जेवढी किंमत, तेवढीच कायद्याने या सहीला. कोरे सही केलेले चेकबुक आपण कोणाच्या डब्यात ठेवले असते का? सल्लागार प्रामाणिक असतीलच, पण त्यांच्याकडे शिकायला येणारी मुले दर वर्षी बदलतात. डोंगल आपल्याकडे ठेवा, काम असेल तेव्हा घेऊन जा.

आता कपाट. मनाला लागलेली एक गोष्ट आधी सांगते. काही वर्षांपूर्वी एका गावच्या बाजारात मी भेळ घेतली. पुडी उलगडली तर आत एका कर्जाच्या अर्जाची मागची बाजू: फोटो, आधार, खाते क्रमांक, जामीनदाराची सही. एका वित्तसंस्थेने जुन्या फायली रद्दीत घातल्या होत्या. भेळवाल्याकडे तसे आणखी दीडेकशे कागद होते, ते मी त्याच्याकडून किलोच्या भावाने विकत घेतले आणि दुसऱ्या दिवशी त्या संस्थेच्या अध्यक्षांच्या टेबलावर ठेवले. त्यांना खरोखर वाईट वाटले. त्यांच्या मते फायली "संपलेल्या" होत्या, पण कर्ज फिटले म्हणून माणसाचा आधार क्रमांक बदलत नाही.

तुमच्या कपाटाला मी एकच प्रश्न विचारते: ही झेरॉक्स तुम्हाला कशासाठी लागते? कर्ज देणारी कंपनी स्वतःच्या अॅपवर केवायसी करून घेते, ती कागदपत्रे सांभाळणे तिचे काम. तुमच्याकडे उरलेली प्रत ही "असू दे, लागेल कधीतरी" या सवयीची आहे. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावी लागतात, ती ठेवाच. पण त्यात बिल येते, गिऱ्हाइकाचे आधार येत नाही. बिले एका बाजूला काढा, आधार-पॅनच्या प्रती दुसऱ्या बाजूला. ज्यांचा वाद किंवा वॉरंटीचा दावा चालू आहे तेवढ्या कुलपात ठेवा, बाकीच्या नष्ट करा. आडवे-उभे दोन्ही कापणारा श्रेडर घ्या, उभ्या पट्ट्या काढणारा नको, पट्ट्या जुळवता येतात. श्रेडर परवडत नसेल तर टाकीत दोन दिवस भिजत घालून लगदा करा. रद्दीवाल्याला एकही कागद नको. शंभर माणसांच्या ओळखी तुमच्याकडे असणे हे शंभर माणसांचे ओझे आहे, आणि ती माणसे तुमच्याच गावातली, रोज समोर भेटणारी आहेत.

कागदापेक्षा मोठे कपाट तुमच्या सेल्समनच्या फोनमध्ये आहे. गिऱ्हाईक आधारचा फोटो त्याच्या व्हॉट्सअॅपवर पाठवते, तो आपोआप गॅलरीत उतरतो, गॅलरीतून त्याच्या स्वतःच्या गुगल खात्यावर चढतो. दिवाळीनंतर तो मुलगा दुसऱ्या दुकानात लागतो, आणि तुमचे गिऱ्हाईक त्याच्या खिशात जाते. तो मुलगा वाईट आहे असे मी म्हणत नाही. त्याचा फोन हरवला तरी तेच होते. दुकानाचा एक वेगळा फोन आणि दुकानाच्या नावाचे सिम ठेवा, फोटो आपोआप साठण्याची सोय बंद करा, आणि संदेश सात दिवसांनी आपोआप पुसले जातील असे लावून ठेवा. कोणी काम सोडले की त्याच दिवशी बिलिंगचा, ई-मेलचा, कॅमेऱ्याचा आणि वायफायचा पासवर्ड बदला.

बिलिंगच्या संगणकाबद्दल फार लिहीत नाही. टॅलीतल्या, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधल्या, माहितीच्या प्रती दोन ठेवा, त्यातली एक संगणकाला न जोडलेली, कारण खंडणी मागणारा व्हायरस जोडलेल्या ड्राइव्हसकट सगळे कुलूपबंद करतो. आणि तीन महिन्यांतून एकदा त्या प्रतीवरून हिशेब खरोखर उघडतो का ते पाहा. बॅकअप होता पण उघडला नाही, हे मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता तपासणीत पहिला तासभर त्यावरच घालवते.

पुरवठादाराच्या नावाने येणाऱ्या खोट्या ई-मेलबद्दल मात्र लिहायलाच हवे, कारण त्यात एका फटक्यात लाखो रुपये जातात. त्यामागची युक्ती एका मोठ्या उदाहरणातून सांगते. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला आणि ११ आणि १३ तारखेला मिळून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले. चोरांनी मधल्या मध्ये एक खोटी यंत्रणा उभी केली आणि एटीएमकडून येणाऱ्या विचारणेला तीच "मंजूर" म्हणू लागली. खऱ्या बँकेला कोणी विचारलेच नाही. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट काढली. ती राबवताना मी रात्रीच्या रात्री घालवल्या आहेत, आणि प्रत्येक वेळी हाच एक मुद्दा समजावावा लागला, की मंजुरी देणारा खरा आहे का हे वेगळ्या वाटेने तपासा. तुमच्या दुकानात हे असे घडते: वितरकाचा मेल येतो, "आमचे खाते बदलले आहे, यापुढचे पेमेंट या खात्यावर करा." पत्त्यात एकच अक्षर वेगळे असते, किंवा वितरकाचा मेलच चोराच्या ताब्यात असतो. त्या मेलला उत्तर देऊन खात्री करू नका, त्यात दिलेल्या नंबरवर फोनही करू नका. तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर, ज्या माणसाचा आवाज ओळखता त्याच्याशी बोला, आणि नव्या खात्यावर आधी एक रुपया पाठवून तो पोचल्याचे त्याच्याच तोंडून ऐका. मेहुण्यांशीही ठरवून टाका: खाते बदलण्याचा निर्णय एकट्याने घ्यायचा नाही, मग समोरचा कितीही घाई करो.

कायदाही आता दुकानापर्यंत पोचतो आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि बहुतेक जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची मुदत ठेवली आहे. मोबाइलमधले फोटो आणि संगणकातल्या याद्या त्यात येतात. कशासाठी माहिती घेतली ते सांगणे, काम झाल्यावर पुसणे आणि ती फुटली तर संबंधितांना कळवणे, हा त्याचा गाभा. वर सांगितलेली साफसफाई केलीत तर त्यातले बरेचसे झालेच.

राहिला आईंचा अंगठा. आधार जोडलेल्या खात्यातून बँक मित्राच्या, म्हणजे गावातल्या बँक प्रतिनिधीच्या, यंत्रावर पैसे काढायला बँकेचे नाव, आधार क्रमांक आणि बोटाचा ठसा एवढेच लागते. ओटीपी लागत नाही. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांच्यासाठी ती सोय फार मोलाची आहे, आणि धोकाही त्याच माणसांना आहे. जमिनीच्या दस्तावर आधार आणि अंगठा एकाच पानावर असतात. २०१८ मध्ये तेलंगणात एका सिमकार्ड विक्रेत्याने अशाच दस्तांवरचे ठसे घेऊन रबरी बोटे तयार केल्याचे उघड झाले होते. आधार प्राधिकरणाने नंतर ठसा जिवंत बोटाचा आहे का हे ओळखणारी तपासणी आणली, पण तेवढ्यावर मी आईंना सोडणार नाही.

आधारच्या अॅपमधून किंवा संकेतस्थळावरून बायोमेट्रिक, म्हणजे बोटांचे ठसे वगैरे, कुलूपबंद करता येते. तुमच्यासारख्याने, ज्याचा अंगठा वर्षातून एकदा लागतो, ते आजच करावे. आईंचे तसे नाही. कुलूप घातले आणि त्या रेशन दुकानात गेल्या, तर अंगठा लागणार नाही आणि धान्य न घेता त्या परत येतील. पेन्शन असेल तर हयातीच्या दाखल्यालाही तेच. हा प्रसंग मी प्रत्यक्ष पाहिला आहे. मुलाने पुण्यातून कुलूप लावले होते आणि आजींना कोणी सांगितलेच नव्हते, दोन महिने त्या "अंगठा झिजला" म्हणून स्वतःलाच दोष देत होत्या. म्हणून कुलूप घालायचे असेल तर त्याची किल्ली आईंचा फोन लगेच उचलणाऱ्या माणसाच्या हाती हवी. आईंच्या आधारला जोडलेला नंबर तुमच्या फोनमध्ये असेल, तर त्या रेशनला निघाल्या की त्यांनी तुम्हाला फोन करायचा आणि तुम्ही तात्पुरते उघडायचे. ते थोड्या मिनिटांनी आपोआप पुन्हा बंद होते, त्यामुळे दुकानात त्यांचा नंबर आल्यावरच उघडा. हे जमणार नसेल तर कुलूप नको. त्याऐवजी मोठी रक्कम आधार न जोडलेल्या खात्यात हलवा आणि अनुदान, पेन्शन येते त्या खात्यात दोन-तीन हजारांपेक्षा जास्त ठेवू नका. आधारच्या संकेतस्थळावर मागच्या सहा महिन्यांत अंगठा कुठे कुठे लागला याची यादी दिसते. महिन्याच्या पहिल्या रविवारी ती उघडा आणि आईंना फोनवर वाचून दाखवा. रेशनची तारीख त्यांना बरोबर आठवते, यादीत जास्तीची तारीख असली तर त्याच आधी सांगतील.